खेकडी गाभण असते काय?

कोल्हापुरातील एका वाचकाने विचारले आहे की, कोकणातून येणाऱ्या खाडीतल्या खेकडीच्या कवचाखाली जो नारिंगी ऐवज सापडतो त्याला ‘अंडी’ म्हणावे की ‘गाभोळी’, आणि अशा मादीला ‘गाभण’ म्हटलेले चालेल काय. चालणार नाही. ‘गाभण खेकडी आहे, घ्या’ ही आरोळी मी बाजारात वारंवार ऐकतो आणि दर वेळी विक्रेत्याची चूक सुधारू पाहून घरच्यांचा रोष ओढवून घेतो.

तो ऐवज म्हणजे अंडाशय होय. कोवळेपणी पांढुरका, मग पिवळा आणि पक्व झाल्यावर गडद नारिंगी. कात टाकून मऊ पडलेल्या मादीशी नराचा समागम होतो, परंतु त्याचे शुक्राणू ती कित्येक महिने साठवून ठेवते आणि अंडी फलित होतात ती थेट घालण्याच्या वेळी. म्हणजे कवचाखाली नारिंगी रंग दिसतो तेव्हा गर्भ राहिलेलाच नसतो. घातलेली अंडी लाखोंच्या संख्येने पोटाखालच्या रुंद, गोलसर झडपेत केसाळ उपांगांना चिकटून राहतात, आणि त्यासाठी मादी कांदळवन सोडून समुद्राकडे जाते. ‘अंडी’ म्हणायचे ते यांना. आपल्याकडच्या ओढ्यातल्या खेकडीच्या झडपेखाली मात्र अंड्यांतून अळ्या न निघता थेट चिमुकले खेकडेच निघतात. ‘गाभण’ हा शब्द कोल्हापूरकरांना त्यावरूनच सुचला असावा, असा मला संशय आहे.

आता ‘गाभोळी’. संस्कृत ‘गर्भ’, प्राकृत ‘गब्भ’, मराठी ‘गाभ’. गाभा, गाभारा आणि गर्भिणीपासून आलेली गाभण ही सारी एकाच घरची मंडळी. पण माझ्या मते गाभोळीची सख्खी बहीण म्हणजे गाभुळलेली चिंच. चिंच गाभुळते तेव्हा टरफल बाहेरून जसेच्या तसे राहते, आतला गर मात्र त्यापासून सुटून मऊ, आंबटगोड होतो. पिकणे अजून पुरे झालेले नसते. पक्व अंडाशयाच्या खेकडीचे वर्णन याहून नेमके कोण करील? बाहेर कवच, आत तयारी, आणि फळ अजून दूर. ‘गाभ’ला ‘गोळी’ जोडून हा शब्द बनला असे सांगणाऱ्यांनी गाभोळी कधी हातात घेतली आहे काय? खेकडीत ती गोळीसारखी नसून पसरलेली असते, आणि ‘गाभुळणे’त तर कोणतीच गोळी नाही.

एका संस्कृतज्ञ स्नेह्यांनी मला वनपर्व ऐकवले: द्रौपदी जयद्रथाला बजावते की, खेकडी गर्भ धारण करते तसा तू मला नेशील, म्हणजे स्वतःच्या नाशासाठीच, तिच्या तोंडी ‘कर्कटकीव गर्भम्’ असे शब्दच आहेत. उपमा जबरदस्त आहे, पण ती प्राणिशास्त्राचा पुरावा नव्हे. खाडीतली खेकडी अंडी घालून मरत नाही. साठवलेल्या शुक्राणूंवर ती पुन्हाही अंडी घालू शकते. व्यासांना मी दोष देत नाही. त्यांच्या आधारावर बाजारातला ‘गाभण’ खपवणाऱ्यांना देतो.

राहिले ‘गाबोळी’ हे रूप. किनाऱ्यावरच्या बोलींत ‘भ’चा ‘ब’ होतो, तेव्हा ते चूक नाही. लिहिताना मी मात्र ‘भ’च लिहितो.