कुत्रा सामुराई आणि ओळखीची गोष्ट

प्रश्न: मुलांबरोबर 'पॉज ऑफ फ्युरी' बघितला, मांजरांच्या गावात सामुराई व्हायला आलेला कुत्रा वगैरे. नवरा म्हणतो ही तर सरळ चोरी आहे, खरंय का हो?

उत्तर: चोरी नाही हो, पण नवऱ्याचं अगदीच चूक नाही. २०२२ चा हा पिक्चर म्हणजे १९७४ च्या 'ब्लेझिंग सॅडल्स'चीच गोष्ट आहे. तिथे गोऱ्यांच्या गावात मुद्दाम काळा शेरीफ पाठवतात, का तर लोक वैतागून पळतील आणि रेल्वेला जागा मोकळी होईल. इथे शेरीफऐवजी हँक कुत्रा, आणि खलनायक इका चूला गाव नकोय कारण त्याच्या महालातून दिसणारा व्ह्यू खराब होतो, बस एवढंच! आधी नावच 'ब्लेझिंग सामुराई' होतं, शिवाय मूळ पिक्चरवाले मेल ब्रुक्स स्वतःच शोगुनचा, म्हणजे जपानी राज्यकर्त्याचा, आवाज देतात, रिलीजच्या वेळी ९६ वर्षांचे. मला विचाराल तर मूळचा वर्णद्वेषावरचा चावा कुत्रा-मांजर केल्यावर बोथट झालाय आणि त्या अवाढव्य हिरव्या कमोडवर जरा जास्तच वेळ घालवलाय, पण पोरं नेमकी तिथेच लोळून हसतात.