आधी साल पाहा, मग कारण सांगा

पाऊस तोंडावर आला की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत तोच गोंधळ पुन्हा दिसतो: पाऊस गेला, म्हणून राज्य गेलं. हवामानाच्या इतिहासावर इतकी वर्षं शिकवल्यावर हे वाक्य मला सोडवत नाही. यंदाच्या पत्रांतले पाच प्रश्न इथे घेतले आहेत.

मोठा दुष्काळ पडला आणि सिंधू संस्कृती एका झटक्यात संपली, असा संदेश सोसायटीच्या ग्रुपवर फिरतोय. खरं का? (डोंबिवली)

'एका झटक्यात' हे चूक. सुमारे 4,200 वर्षांपूर्वी मोसमी पाऊस दुबळा झाला. त्याची खूण मेघालयातल्या मॉमलूह गुहेतल्या चुन्याच्या थरांत मिळाली, आणि 2018 साली भूवैज्ञानिकांनी तेव्हापासूनच्या कालखंडाला 'मेघालयन' हे नाव दिलं. पण शहरं ओस पडायला पिढ्या लागल्या. माणसं पूर्वेकडे आणि गुजरातेत पांगली, लहान गावं वसवून राहिली. बदल असा हळूहळूच होतो, हे नंतरच्या काळातल्या आपल्या शिरूरजवळच्या इनामगावातही पाहा. डेक्कन कॉलेजच्या उत्खननात दिसलं, की इ.स.पू. 1000 नंतर तिथली मोठी चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या, गव्हाची शेती आटली, गुरांवर आणि शिकारीवर भिस्त वाढली. गाव आणखी तीनेकशे वर्षं टिकलं. ग्रुपवर पुढे ढकलण्याआधी पुरातत्त्व शिकवणाऱ्या कुणालातरी विचारा.

1815 साली इंडोनेशियातला टंबोरा ज्वालामुखी फुटला, त्यामुळे पुढच्या वर्षी मुंबईत बर्फ पडलं होतं का? (गिरगाव)

नाही, 1816 च्या जूनमधलं ते बर्फ अमेरिकेच्या ईशान्य भागातलं.

आमचे पणजोबा सुप्याकडून परळला गिरणीत आले. दुष्काळाने लोक पिसाळले आणि त्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले, असं घरात सांगतात. मुलाला प्रकल्पात हे लिहायचं आहे. (लालबाग)

थांबा, लिहू देऊ नका. पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात रोखे जाळले गेले 12 मे 1875 रोजी. पाऊस फिरला 1876 साली. कारण परिणामाच्या नंतर येत नाही. गेल्या दोन वर्षांत हीच चूक मी भाषणांत ऐकली आणि छापील लेखांतही वाचली, म्हणून जरा सविस्तर सांगते.

अमेरिकेत 1861 ते 1865 यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस थांबला आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. कुणब्याला कर्ज सहज मिळू लागलं. युद्ध संपलं, भाव कोसळले. त्यातच जमिनीच्या नव्या पाहणीत सारा, म्हणजे शेतजमिनीवरचा सरकारी कर, वाढला. सावकाराने हात आखडता घेतला आणि कोर्टाचे हुकूमनामे आणून जमिनी घ्यायला सुरुवात केली. 1875 च्या दंग्यांमागे हे होतं.

मग 1876 चा पाऊस दगा देऊन गेला. प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा तापतं, त्या एल निनोचा तो जबर फटका होता आणि चीन, ब्राझीलही त्यात होरपळले. इथवर हवामान. पण पाऊस आणि ताट यांच्या मध्ये बरंच काही उभं असतं, आणि मला काळजी आहे ती हे मधलं सगळं विसरलं जाण्याची. रेल्वे होती, पण धान्य भाव मिळेल तिकडे जात होतं आणि बोटींतून परदेशीही जातच होतं. 1877 साली इंग्रज अधिकारी रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या पुरुषाची रोजची मजुरी एक पौंड धान्य आणि वर एक आणा इतकी खाली आणली. एक पौंड म्हणजे अर्धा किलोसुद्धा नव्हे, आणि काम खडी फोडायचं! पुण्याची सार्वजनिक सभा ही संस्था गावोगावची माहिती गोळा करून सरकारला कळवत राहिली. देशभरात 50 लाखांहून जास्त माणसं गेली. हे सगळं पाहिलेले वासुदेव बळवंत फडके 1879 साली बंडाला उभे राहिले. त्यांच्या बंडाशी दुष्काळाचा संबंध जोडता येतो, सुप्याच्या दंग्याशी नाही.

नुसतं 'दुष्काळामुळे' म्हटलं की सारा, मजुरी, निर्यात हे ठरवणारी माणसं सुटतात. मुलाला आधी सालांचा तक्ता करायला सांगा आणि तो इतिहासाच्या बाईंना दाखवून मगच लिहू द्या. पणजोबा कोणत्या साली आले, हेही घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाला आजच विचारा.

तुकोबांच्या वेळचा दुष्काळ 'लहान हिमयुगा'मुळे पडला का? (विलेपार्ले)

त्या शतकात जगभर थंडी वाढली होती आणि 1630 साली गुजरात-दख्खनेत पाऊस गेला, एवढं नक्की. पण त्याच वेळी शहाजहान बुऱ्हाणपुरास तळ देऊन होता आणि त्याच्या फौजा दख्खन तुडवत होत्या. फौजेचं खाणंही त्याच शेतांतून जातं. दोन्ही मिळून 1632 पर्यंत हाल झाले.

माळ्यावर खापरपणजोबांच्या मोडी वह्या सापडल्या. त्यांत पाऊस आणि धान्याचे भाव आहेत असं एक ओळखीचे म्हणाले. दुकानदार लॅमिनेशन करून देतो म्हणतो, दुसरा एक जण विकत मागतो. (दादर)

लॅमिनेशन मुळीच नको! उष्णतेने आणि प्लॅस्टिकने जुना कागद कायमचा बिघडतो, मागे फिरता येत नाही. विकूही नका. वजनावर घेणारे लोक वह्या फोडून सुटी पानं विकतात. मग कोणतं पान कुठल्या गावचं, कुठल्या सालचं, हे कुणालाच सांगता येत नाही. साल गेलं की त्या भावांचा अभ्यासाला उपयोग उरत नाही. कोणत्या नक्षत्रात पाऊस पडला आणि त्या महिन्यात ज्वारी काय भावाने गेली, हे एकाच वहीत मिळणं फार मोलाचं आहे. पाऊस आधी कमी पडला की भाव आधी चढले, हे त्यावरूनच कळतं.

पानं चिकटली असतील तर ओढू नका. आहेत त्या क्रमाने मोबाइलवर फोटो काढा, सुती कापडात बांधून माळ्यावरून खाली आणा, आणि फोर्टात एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात किंवा पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात जाणकाराला दाखवा. 'बघू दिवाळीत' म्हणू नका. मुंबईच्या एका पावसाळ्यात बुरशी आणि कसर काय करतात, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. या शनिवारी वह्या खाली काढा.