कार्ब्युरेटरचा बटरफ्लाय शाफ्टवर बसवताना

पहिलाच कार्ब्युरेटर उघडताय, मस्त! बटरफ्लाय म्हणजे हवेची वाट उघड-बंद करणारी गोल चकती, ती शाफ्टवर (फिरत्या दांड्यावर) स्क्रूंनी बसते. तिचे पितळी स्क्रू जोर लावून फिरवू नका. बहुतेकदा त्यांची मागची टोकं ठोकून पसरवलेली असतात. ती आधी कानशीने घासा, नाहीतर शाफ्टमधले आटे गेलेच. चकतीची कड तिरकी असते, म्हणून काढण्याआधी बाजूंवर खूण करा.

बसवताना:
- स्क्रू नवेच.
- आयडलचा स्क्रू (इंजिन नुसतं चालू असतानाचा वेग ठरवणारा) मागे घ्या, चकती सैल ठेवून दोन-चारदा फटकन मिटू द्या. ती आपोआप मधोमध येते. उजेडात धरून फट बघा, मगच आवळा.
- थेंबभर थ्रेडलॉक (स्क्रू सुटू न देणारा गोंद) लावा. टोकं हलकेच ठोकताना शाफ्टखाली आधार हवाच.

सुटलेला स्क्रू थेट इंजिनात जातो. माझा गेला होता, इंजिनचं हेड (वरचं झाकण) उतरवावं लागलं. शाफ्टचे बुश (तो ज्यात फिरतो त्या नळ्या) नंतर बघू.