नर की मादी? पिल्लांकडे बघताना घाई नको

कोंबडीचं एक दिवसाचं पिल्लू हातात घेऊन लगेच निकाल द्यायला जाऊ नका. बहुतेक जातींत त्या वयात नर-मादी दिसायला सारखेच असतात. अंडं टोकदार असेल तर नर, असं कुणी सांगितलं तर सोडून द्या, त्यात काही तथ्य नाही.

पंखांवरून ओळखता येतं, पण फक्त त्यासाठी मुद्दाम केलेल्या संकरात. पहिल्या एक-दोन दिवसांतच पंख अलगद पसरून बघा. मादीची खालच्या ओळीतली पिसं वरच्या ओळीपेक्षा ठळक लांब दिसतात, नराच्या दोन्ही ओळी जवळपास सारख्या असतात. साध्या पिल्लांना हा नियम लावलात तर हमखास फसाल. रंगाचंही तेच. ऱ्होड आयलंड रेड जातीचा नर आणि बार्ड प्लिमथ रॉक जातीची मादी यांच्या काळ्या पिल्लांत डोक्यावर पांढरा ठिपका असला की नर. संकर उलटा केला तर ही खूण चालत नाही.

गुदद्वार दाबून बघणं हे प्रशिक्षित माणसाचं काम. कृपा करून घरी करू नका, पिल्लाला आतून इजा होते.

त्यापेक्षा थांबा. पाच-सहा आठवड्यांत नराचा तुरा मोठा आणि लालसर होऊ लागतो, तलंगेचा (म्हणजे अजून अंडी न घालणाऱ्या तरुण मादीचा) अजून फिकट, बारीक असतो. काही जातींत तलंगेचा तुराही लवकर लाल होतो, म्हणून एकाच वयाची, एकाच जातीची पिल्लं शेजारी ठेवून बघा. तरीही शंका राहिली तर तीन महिन्यांच्या सुमारास शेपटीच्या बुडाजवळची पिसं तपासा: नराची लांब, टोकदार, चकचकीत, मादीची गोलसर.