पाचव्या महिन्यात गोवा: समुद्राचं राहू दे, आधी घाटाचं बघ

खानापूरच्या एका ताईचा प्रश्न आहे. पाचवा महिना संपत आलाय, डिसेंबरात सासरची अकरा माणसं टेम्पो ट्रॅव्हलर करून चोर्ला घाटातून तीन दिवस गोव्याला निघालीत. नवरा म्हणतो चल, सासूबाई म्हणतात पोटुशीनं समुद्रावर जाऊ नये. जाऊ का?

अगं, जा की. (मोठी आहे म्हणून अगं-तुगं करते, रागावू नकोस.) 14 ते 27 आठवडे हा फिरायला सगळ्यात बरा काळ, उलट्या आवरलेल्या असतात आणि पोट अजून आडवं येत नाही. फक्त आधी डॉक्टरांना विचार. वार (प्लॅसेंटा) खाली असेल, मध्ये कधी अंगावरून लाल गेलं असेल, पिशवीच्या तोंडाला टाका घातला असेल, बीपी चढत असेल, तर विषय संपला, घरीच बस. 18 ते 20 आठवड्यांची मोठी सोनोग्राफी झालेली असेल तर डॉक्टरही तुला नीट सांगू शकतील.

आता खरी गोष्ट. थोरल्याच्या वेळी सहाव्या महिन्यात मी अशीच गेले होते, अशाच गाडीतून. मला मागची सीट मिळाली, कारण पुढं वडीलधारी बसलेली. जांबोटी सोडल्यावर रस्ता वळणं घ्यायला लागला आणि मागच्या चाकावरचा प्रत्येक खड्डा थेट कमरेत बसायला लागला. कणकुंबीला सगळी चहा प्यायली. मी घोटभरही घेतला नाही, कारण लघवीला जायला आडोसा नव्हता आणि सासऱ्यांसमोर बोलायची लाज. घाट उतरून साखळी गाव येईपर्यंत धरून ठेवलं. तिसऱ्या दिवशी जळजळ, थंडी वाजून ताप. युरिन इन्फेक्शन. डॉक्टर भडकलेच: या दिवसांत लघवी धरली की इन्फेक्शन लवकर होतं, आणि ते वाढलं तर अवेळी कळा सुरू होऊ शकतात. समुद्रात मी पायसुद्धा बुडवला नव्हता, ऐकतेस ना?

म्हणून नवऱ्याला सांग, आपण दोघं वेगळ्या कारनं. तू पुढच्या सीटवर, सीट डॅशबोर्डपासून जमेल तेवढी मागं. बेल्ट लावायचाच: खालचा पट्टा पोटाखालून मांड्यांवर, वरचा छातीच्या मधून, पोटावरून कधीच नाही. दीड-दोन तासांनी उतरून चार पावलं चालायचं, पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून. पाणी कमी पिऊन लघवी टाळायचा शहाणपणा करू नकोस. कार जमत नसेल तर लोंढा तुम्हाला जवळच. तिथून कॅसलरॉक, दूधसागर, कुळे अशी रेल्वे उतरते. धक्के कमी आणि संडास डब्यातच, फक्त आत दांडी धरून बस.

समुद्रावर सकाळी दहाच्या आत किंवा चारनंतर. पुळणीवर ओल्या, घट्ट वाळूतून चाल. पाण्यात गुडघ्यापर्यंतच, आणि लाटेकडं पाठ करून फोटोला उभी राहू नकोस. लाट परतताना टाचेखालची वाळू ओढून नेते, एरवी आपण हसून सावरतो. पण या दिवसांत पोटामुळं तोल पुढं गेलेला असतो. नवऱ्याचा हात धर, मोबाईल दिराकडं दे. जेट स्की, बनाना राईड, पॅरासेलिंग, स्कूबा यातलं काहीच नाही. स्कूबात पाण्याचा दाब बदलतो, त्याचा बाळाला धोका असतो. वाळूत लोळलीस तर डाव्या कुशीवर. आणि टोपी घाल. या दिवसांत उन्हानं गालावर वांग, म्हणजे काळपट डाग, पटकन उठतात, माझे अजून पूर्ण गेले नाहीत.

खाण्याचं थोडक्यात: बांगडा, तारली खुशाल खा, चांगली शिजलेली. मोरी (शार्क) नको आणि सुरमईचा मोह आवर, मोठ्या माशात पारा साठतो. कालवं, तिसऱ्या अर्धकच्च्या नकोत. कापून ठेवलेली फळं, बर्फाचा गोळा नको. तहानेला शहाळं.

फाईल बरोबर ठेव, रक्तगट वर मोठ्या अक्षरात लिहून. उत्तर गोव्यात राहणार असाल तर मोठं सरकारी हॉस्पिटल म्हणजे बांबोळीचं गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज. रक्त दिसलं, पाणी गेल्यासारखं वाटलं, पोट पुन्हापुन्हा कडक व्हायला लागलं किंवा डोकं दुखून डोळ्यांपुढं अंधारी आली, तर घरच्यांची बैठक न भरवता 108. गोव्यातही तोच नंबर.

सासूबाईंशी वाद घालू नकोस. अमावास्येला निघायचं नाही म्हणाल्या तर लगेच हो म्हण. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास तसंही उधाण असतं, पाणी जास्त वर चढतं. तेवढ्यावर त्या खूश होतात आणि तुझंही काही बिघडत नाही. फक्त परतीच्या वेळी घाट चढताना गाडी लागते म्हणून तुझी पुढची सीट मागतील, ती देऊ नकोस.