इंजिन थंड असतानाच गाडी पाहा

प्रिय,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. कुटुंबासाठी वापरलेली मध्यम आकाराची गाडी घ्यायचे नक्की झाले आहे, फक्त वेगळी डिकी असलेली सेडान घ्यावी की छत मागच्या दारापर्यंत नेलेली स्टेशन वॅगन एवढेच ठरत नाही, असे तू लिहिले आहेस. त्याबद्दल पुढे लिहितोच. परंतु त्याहून मोठा प्रश्न तुझ्या पत्रात आलेलाच नाही. ती गाडी आजवर कोणी आणि कशी सांभाळली, हा तो प्रश्न. कॅमरी, अकॉर्ड, पसाट, ऑक्टाव्हिया यांच्या नावलौकिकाची तुलना तू फार बारकाईने केली आहेस. मात्र आठ-दहा वर्षे चाललेल्या गाडीच्या बाबतीत, वेळच्या वेळी ऑइल बदललेली साधी गाडी ही हेळसांड झालेल्या नावाजलेल्या गाडीपेक्षा केव्हाही बरी, असे माझे ठाम मत आहे.

गाडी पाहायला जाण्याआधी मालकाला एकच विनंती कर: मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. तेथे पोहोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेव. ते कोमट लागले, तर नम्रपणे दुसऱ्या दिवसाची वेळ माग. हा आग्रह मी अनुभवातून धरतो. अनेक वर्षांपूर्वी मी एक वॅगन घेतली, तेव्हा ती 'आत्ताच धुऊन आणली' म्हणून इंजिन गरम होते आणि आवाज अगदी मऊ येत होता. घरी आणल्यावर दुसऱ्या सकाळी तिने सुरू होताच दोन-तीन सेकंद साखळी खडखडावी तसा आवाज केला, आणि टायमिंग चेनचा, म्हणजे इंजिनातील व्हॉल्व्ह वेळेवर उघडझाप करवणाऱ्या साखळीचा, ताण सांभाळणारा भाग झिजल्याचे निदान झाले. रात्रभर उभ्या असलेल्या इंजिनात ऑइलचा दाब तयार व्हायला क्षणभर लागतो, आणि नेमक्या त्याच क्षणी असे दोष ऐकू येतात. सायलेन्सरमधून सुरुवातीलाच निळसर धुराचा झोत निघाला, तर ऑइल जळत आहे असे समज; थंडीत थोडी वाफ दिसणे स्वाभाविक आहे, पण इंजिन तापल्यावरही पांढरा, गोडसर वासाचा धूर येतच राहिला, तर कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे द्रव, ज्वलनकक्षात शिरत असण्याची शक्यता असते आणि तेथून परत फिरावे.

त्यानंतर कागद. देखभालीच्या नोंदींमध्ये केवळ शिक्के पाहू नकोस; प्रत्येक पावतीवरील तारीख आणि किलोमीटरचा आकडा क्रमाने वाच. तो आकडा कुठे मागे गेला किंवा दोन वर्षे जागचा हललाच नाही, तर त्याचे कारण विचार. कमी किलोमीटर दाखवणाऱ्या गाडीचे पेडलचे रबर गुळगुळीत झालेले असेल आणि स्टीअरिंग चकचकीत झालेले असेल, तर मीटरपेक्षा त्यांच्यावर विश्वास ठेव. इंजिनात साखळीऐवजी रबरी टायमिंग बेल्ट असेल, तर तो बदलल्याची पावती हवीच, कारण बऱ्याच इंजिनांमध्ये तो तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीशी स्पर्धा करू लागतो. बेल्ट किती किलोमीटरला बदलायचा हे निर्मात्याच्या पुस्तिकेत असते. वर्षांची मर्यादाही तितकीच महत्त्वाची आहे, कारण रबर उभ्या गाडीतही म्हातारे होते. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे ऑइल 'आयुष्यभर चालते' असे कोणी सांगितले, तर ते आयुष्य कोणाचे, हे विचारायला संकोच करू नकोस.

डॅशबोर्डवर धोक्याचा दिवा लागलेला नाही, एवढ्यावर समाधान मानू नये. गाडीने नोंदवलेले दोष वाचणारा स्कॅनर जोडण्याचे एकसारखे सॉकेट अमेरिकेत १९९६पासून आणि युरोपीय संघातील पेट्रोल गाड्यांवर २००१पासून बंधनकारक आहे, त्यामुळे साधा स्कॅनरही बहुतेक गाड्यांना जोडता येतो. विक्रीआधी कोणी दोषांच्या नोंदी पुसल्या असतील, तर गाडी चालताना स्वतःच्या भागांच्या ज्या चाचण्या आपोआप करते, त्या स्कॅनरवर अपूर्ण दिसतात. अनेक दिवस नेहमीसारख्या चाललेल्या गाडीत त्या सहसा पूर्ण झालेल्या असतात. नुकतीच बॅटरी काढली असेल तरी असे दिसू शकते, म्हणून लगेच आरोप करू नये, आठवड्याने पुन्हा तपासावे.

टायरच्या बाजूवरील चार आकडे वाच: २३१९ म्हणजे २०१९मधील तेविसावा आठवडा. एकाच कडेने झिजलेला टायर चाकांची मांडणी बिघडल्याचे किंवा सस्पेन्शन झिजल्याचे सांगतो. काचांवरील खुणांमध्ये एकच काच वेगळ्या कंपनीची निघाली, तर ती का बदलली हे विचार. सतरा अक्षर-अंकांचा चासी क्रमांक कागदांशी ताडून पाहा, आणि त्यावरून निर्मात्याने सुरक्षेसाठी परत बोलावलेली दुरुस्ती, विशेषतः एअरबॅगची, राहिली आहे का तेही तपासून घे.

आता सेडान की वॅगन. तुझ्या घरात लहान मूल आहे, त्यामुळे माझा कल वॅगनकडे आहे: सेडानची डिकी खोल असली तरी तोंड अरुंद असते, आणि बाबागाडी आत घालताना ते कळते. मुलाची सीट आणि बाबागाडी दोन्ही बरोबर ने व प्रत्यक्ष बसवून पाहा. मात्र वॅगनने पुष्कळ ओझे वाहिलेले असू शकते. मागची बाजू खाली बसली आहे का हे रिकाम्या गाडीत पाहा, आणि मागे आपोआप उंची राखणारे सस्पेन्शन असेल, तर त्याचे भाग महाग असतात हे ध्यानात ठेव.

सगळी रक्कम खरेदीत घालवू नकोस. पहिल्याच वर्षी टायर, ब्रेक, बॅटरी आणि सर्व प्रकारचे ऑइल बदलावे लागू शकते, असे धरून काही भाग बाजूला ठेव. तो ठेवणे शक्य नसेल, तर एक पायरी स्वस्त गाडी घे. आणि विक्रेत्याशी संबंध नसलेल्या मेकॅनिककडून गाडी जॅकवर उचलून तपासून घेतल्याशिवाय विसारही देऊ नकोस. विक्रेता या तपासणीला नकार देत असेल, तर तेवढे कारण पुरेसे आहे.

दिवस ठरला की कळव. मी सकाळी लवकर येईन, गाडी सुरू होण्याआधी.

तुझा हितचिंतक