चौथा वाटा

धुळे, रविवार संध्याकाळ

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

तिघांच्या मालकीच्या विमानात चौथा वाटा घ्यायचा म्हणतेस, तो तुझा मेसेज वाचला, मागून आलेला फोटोही पाहिला. पांढरं सेसना 172, चार सीटांचं छोटं विमान, पंखाखाली तिघं उभे आणि त्यांच्या शेजारी एका माणसापुरती जागा सोडलेली. फोटो काढणारा हुशार दिसतो. विमान उडवायचा परवाना हातात येऊन तुला तीनच महिने झालेत. त्या जागेत तुला कोण दिसलं, ते सांगायला नको.

तू सगळं लिहिलंस, रंग, रेडिओ, सीटांचं कापड. इंजिनाबद्दल मात्र एकच ओळ: ‘फक्त 1,700 तास झालेत.’ त्या ‘फक्त’पाशी मी अडलो. या लायकॉमिंग इंजिनाचं ओव्हरहॉल, म्हणजे सगळं उघडून पुन्हा नव्यासारखं करणं, कंपनी 2,000 तासांवर किंवा 12 वर्षांवर सांगते, यातलं जे आधी येईल ते. म्हणजे हातात राहिले 300 तास. आता कागद घे. ओव्हरहॉलला हिशेबाच्या सोयीसाठी 20 लाख धर. ताशी 1,000 रुपये झाले. 1,700 तास उडवून झालेत, तर त्या ओव्हरहॉलसाठी साठवायच्या इंजिनाच्या खात्यात आज 17 लाख असायला हवेत. तूच लिहिलंस की खात्यात 5 लाख आहेत. उरलेले 12 लाख कुठे आहेत? ते त्या तिघांनी उडवून टाकले, अक्षरशः. तू चौथा वाटा घेतलास की त्या 12 लाखांतले 3 लाख तुझ्या माथी आले, आणि विमानात तर तू अजून बसलीही नाहीस. तेव्हा एक तर त्या तिघांनी आधी खातं भरावं, नाहीतर तुझ्या वाट्याची किंमत 3 लाखांनी उतरावी. हे तोंडावर विचारायचं. वयाने मोठे आहेत म्हणून गप्प बसू नकोस. भीड भिकेची बहीण.

दुसरं, इंजिन किती उडालं तेवढंच बघू नकोस, कधी उडालं तेही बघ. सहा-सहा महिने नुसतं उभं राहिलेलं विमान लोक ‘कमी वापरलेलं’ म्हणून विकतात. या इंजिनात कॅमशाफ्ट, म्हणजे झडपा उघडणारा दांडा, वरच्या बाजूला असतो. उभ्या इंजिनात तेल खाली उतरतं, कॅम कोरडा पडतो, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात त्यावर गंज धरायला वेळ लागत नाही. लॉगबुकात जून ते ऑक्टोबर कोरा दिसला, तर मला फोन कर.

तुमच्या घरी भावकीत सामाईक विहीर आहे ना? सातबाऱ्यावर हिस्सा लिहिलेला असतो, पाळीही ठरलेली असते. तरी भांडण होतं ते पाण्यावरून क्वचित, मोटार जळाल्यावर जास्त. कुणाच्या पाळीत जळाली आणि दुरुस्ती कुणी भरायची! आम्ही चौघांनी मिळून घेतलेल्या सेसना 152 विमानाचंही तसंच झालं. मे महिना, सकाळचे साडेसहा, ऊन चढायच्या आत एक फेरी मारावी म्हणून गेलो, तर मास्टर स्विच चालूच राहिलेला आणि बॅटरी ठार. आदल्या चार दिवसांत कोण आलं होतं? वहीत नोंद नाही. चौघांनीही ‘मी नव्हतो’ म्हटलं, त्यात मीही होतो. (खरं सांगू, आजही मला खात्री नाही की तो मी नव्हतो.) बॅटरी काही हजारांची, पण त्या दिवसापासून आम्ही एकमेकांच्या नंतर विमान तपासायला लागलो, आणि दोन वर्षांत वाटे मोडले. म्हणून उतरल्यावर टॅकोचा (इंजिनाचे तास मोजणाऱ्या मीटरचा) आकडा, टाकीतलं इंधन, टाकलेलं तेल आणि जाणवलेली खोट वहीत लिहिल्याशिवाय किल्ली खुंटीला लागायची नाही, हा नियम मागून घे.

खर्चाची वाटणी तुम्ही ‘सगळं चौघांत सारखं’ ठेवणार आहात. ते चुकेल. हँगर, विमा, दरवर्षीची उड्डाणयोग्यतेची तपासणी हे विमान उडो न उडो लागणारच, ते चौघांत सारखं. इंधन, तेल, टायर आणि इंजिनाचा निधी मात्र ज्याचे तास त्याच्याकडून. तरी सारख्या वाटणीतही एक गोम आहे. समज, हा उभा खर्च वर्षाला 6 लाख. प्रत्येकी दीड लाख. तू हौसेने 100 तास उडवलेस तर तुला तो ताशी 1,500 पडला. त्या तिघांतल्या डॉक्टरांनी 15 तास उडवले तर त्यांना 10,000. तुझ्या उड्डाणाचा भार तेच उचलताहेत, आणि सर्वांत आधी कंटाळून बाहेर पडणारेही तेच. तेव्हा बाहेर पडणाऱ्याला किती दिवसांत, कुठल्या भावाने पैसे द्यायचे आणि त्याचा वाटा आधी कुणाला विचारायचा, हे वकिलाकडून आजच लिहून घ्या. विम्याच्या पॉलिसीत तुझं नाव वैमानिक म्हणून चढलंय का आणि तुझे तास त्यांच्या अटीत बसतात का, ते स्वतः वाच. नुकसानीतला जो पहिला हिस्सा विमा कंपनी देत नाही, तो त्या वेळी उडवणाऱ्याचा. हेही कागदावर.

तुझे वडील परवा फोनवर म्हणाले, ‘ट्रॅक्टर घेतला तर भाड्याने तरी लावता येतो, याचं काय?’ त्यांना सांग, खासगी नोंदणीचं विमान भाड्याने लावता येत नाही. आणि तुझ्या परवान्यावर पैसे घेऊन कुणाला फिरवताही येत नाही. मामा प्रेमाने म्हणतील, ‘पेट्रोलचे देतो, वरून केळीचे मळे दाखव.’ दाखव, पण पैसे घेऊ नकोस.

आणि चार सीटं म्हणजे चार माणसं नव्हेत. इथली धावपट्टी समुद्रसपाटीपासून 800 फुटांच्या आसपास. मेमध्ये पारा 45 ला गेला की हवा विरळ होते आणि पंखांना आणि इंजिनाला ती साडेचार हजार फुटांसारखी लागते. दुपारी टाकी भरून, मामा-मामींना मागे बसवून निघालीस, तर धावपट्टीचं टोक फार लवकर समोर येईल. तुमच्यात उतरल्यावर टाकी भरून ठेवायची पद्धत असेल, कारण अर्धी टाकी ओलावा धरते. पावसाळ्यानंतर टाकीतून नमुना काढायच्या ड्रेन कपात निळ्या ॲवगॅसच्या (विमानाच्या पेट्रोलच्या) तळाशी पाण्याचा टपोरा मणी मी स्वतः पाहिलाय. पण उन्हाळ्यात भरलेली टाकी पुढे उडवणाऱ्याला नेता येणारं माणसांचं वजन खाते. ऋतूप्रमाणे नियम बदलून घ्या.

पुढच्या रविवारी ये. लॉगबुकाच्या शेवटच्या वीस पानांचे फोटो, इंजिनाच्या खात्याचं बँक स्टेटमेंट आणि विम्याची पॉलिसी एवढं घेऊन ये. आणि बामणोदची वांगी मिळाली तर दोन किलो; काकू भरीत करणार आहे.

तुझा काका